पोट नसलेला ल्यूट: हेडफोन लावून केलेला रियाज खरा असतो का?

भाग ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलच्या गर्दीत अर्धं ऐकू आलं नसेल, तर नेहमीप्रमाणे हा त्याचा लेखी अवतार. बोलताना जे भरकटणं झालं ते काढलंय, आकडे नीट लिहिलेत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नातून आला. प्रश्न असा: "ताई, तू ल्यूट शिकतेस असं मागे म्हणाली होतीस. मी एका व्हिडिओत एक माणूस फळीसारखं काहीतरी मांडीवर घेऊन वाजवताना पाहिला. त्याला तारा होत्या, खुंट्या होत्या, पण पोटच नव्हतं. कानाला हेडफोन. तो म्हणतो हा ल्यूटच आहे, रियाजासाठीचा. असल्या वाद्यावर केलेला रियाज रियाज असतो का? की नुसता खेळ?"

प्रश्न मला फार आवडला, कारण तो फक्त ल्यूटचा नाहीये. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, बसने-विमानाने फिरणाऱ्या, रात्री दहानंतरच मोकळा वेळ मिळणाऱ्या प्रत्येकाचा आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते, मग कारणं बघू. वाद्यातून हात जे शिकतो ते सगळं ठेवलं असेल, तर तो रियाज खरा. पण कान जे शिकतो, ते या वाद्यातून निम्मंच मिळतं, आणि उरलेलं निम्मं तुम्हाला दुसरीकडून आणावं लागतं. ते आणलं नाही, तर हात पुढे जातो आणि आवाज मागे राहतो.

आधी, ल्यूट म्हणजे काय?

ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी: अर्धं कापलेलं मोठं नासपती डोळ्यांसमोर आणा. कापलेली सपाट बाजू म्हणजे तबली, गोल बाजू म्हणजे पोट. वर रुंद, आखूड दांडी. आणि दांडीच्या टोकाला खुंट्यांची पेटी जवळजवळ काटकोनात मागे वळलेली. अरबी 'ऊद' स्पेन आणि सिसिलीच्या वाटेने युरोपात गेला, तिथे त्याचा ल्यूट झाला. नावही तिथूनच आलं. अरबीत 'अल-ऊद' म्हणजे लाकूड.

सोळाव्या आणि सतराव्या शतकात युरोपात ल्यूटचा मोठा मान होता. इंग्लंडचा जॉन डाउलंड (1563–1626) हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध रचनाकार. पुढे जर्मनीत सिल्वियस लेओपोल्ड वाइस (1687–1750) याने 13 जोड्यांच्या ल्यूटसाठी शेकडो रचना केल्या. मग ल्यूट मागे पडला आणि विसाव्या शतकात जुन्या संगीताच्या अभ्यासकांनी तो पुन्हा बाहेर काढला. आज बासेलसारख्या शहरात जुनं संगीत शिकवणारी खास शाळा आहे, स्कोला कांटोरुम बासिलिएन्सिस, 1933 साली सुरू झालेली. तिथे ल्यूट रीतसर शिकता येतो.

'जोड्या' म्हणाले, ते नीट सांगते. ल्यूटवर बहुतेक तारा जोडीने बसवलेल्या असतात, एकमेकींना अगदी चिकटून. बोट दोन्ही एकदम दाबतं, दोन्ही एकदम छेडतं. सगळ्यात वरच्या सुराची तार मात्र एकटी. म्हणून 8 जोड्यांच्या ल्यूटवर तारा 16 नसतात, 15 असतात. आणि या तारा धातूच्या नव्हेत. पूर्वी त्या आतड्याच्या तातेच्या असत, आता बरेचजण नायलॉनच्या किंवा तातेसारख्या वागणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या लावतात.

पडदेसुद्धा तातेचेच, दांडीभोवती गाठ मारून बांधलेले. सतारीचे पडदे जसे सरकवता येतात, तसेच हेही सरकतात. हा मुद्दा पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

मग अडचण कुठे आहे?

पहिला अंदाज असा की वाद्य जड असेल. अजिबात नाही. साधा ल्यूट एक किलोच्या आसपास भरतो, कधी कधी कमीच. तबली साधारण दीड मिलिमीटर जाडीची. दोन एटीएम कार्डं एकावर एक ठेवा, झाली तबली. पोटाच्या पट्ट्याही तितक्याच पातळ. आवाज येतो तो या पातळपणामुळेच, आणि भीती वाटते तीही त्यामुळेच. ल्यूट पाठीवर घेऊन गर्दीच्या बसमध्ये चढणं म्हणजे अंड्यांचा ट्रे घेऊन चढणं.

ही भीती जुनीच आहे. 1676 साली टॉमस मेस नावाच्या इंग्लिश वादकाने ल्यूटवर मोठा ग्रंथ छापला. त्यात वाद्य कुठे ठेवावं याचा सल्ला दिलाय: दिवसा अंथरुणात ठेवा, पांघरुणांच्या मध्ये! दमट हवेपासून वाचवायला रोज वापरातलं कोरडं, उबदार अंथरूण त्याला सगळ्यात चांगलं वाटायचं. सोबत इशाराही आहे, की त्या अंथरुणावर कुणी धाडकन बसू नये, असे बरेच ल्यूट मोडलेले त्याने पाहिलेत. साडेतीनशे वर्षांनंतर माझ्या खोलीतही तोच नियम आहे, फक्त गादीच्या जागी पेटी आहे.

दुसरी अडचण आकाराची. आपल्या देशांतर्गत विमानात हातातल्या बॅगेला साधारण 55 × 35 × 25 सेंटिमीटर एवढी जागा मिळते. ल्यूटच्या तारेची वाजणारी लांबी, म्हणजे घोडीपासून दांडीच्या टोकापर्यंत, 58 ते 60 सेंटिमीटर. म्हणजे पोट, खुंट्या, पेटी सगळं सोडून द्या, नुसती तारच बॅगेच्या लांबीपेक्षा मोठी! 55 बाय 35 चा कर्ण काढला तर 65 सेंटिमीटर येतो. बॅगेत वाद्य घालायचंच असेल तर ते तिरकं घालावं लागेल, आणि तारेच्या पलीकडे फक्त पाच-सहा सेंटिमीटर शिल्लक राहतील. रियाजाचं वाद्य बनवणारा कारागीर खरं तर या पाच-सहा सेंटिमीटरशी झगडत असतो.

तिसरी अडचण आवाजाची, आणि इथे गंमत आहे. तुम्हाला वाटेल शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून हेडफोन. मी जर्मनीत राहते, इथे साधारण रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते, आणि लोक ती पाळतात, पाळायलाही लावतात. पण ल्यूट इतका हळू वाजतो की बंद दारापलीकडे तो क्वचितच पोचतो. खरा त्रास उलटा आहे: बाहेरचा आवाज ल्यूटपर्यंत पोचतो. माझ्या खिडकीखालून ट्राम जाते. ट्राम गेली की माझे दोन सूर गेले. पुण्या-मुंबईत पंखा, मिक्सर, हॉर्न आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल असताना ल्यूटचं काय होईल, विचार करा. म्हणजे ल्यूटच्या बाबतीत हेडफोन दुसऱ्यांचे कान वाचवायला कमी, आणि तुम्हाला स्वतःला ऐकू यावं म्हणून जास्त.

चौथी अडचण पैशांची. हाताने घडवलेला चांगला ल्यूट काही लाख रुपयांत जातो. तो घेऊन होस्टेलच्या खोल्या बदलत फिरायला छाती लागते.

काय काढता येतं: पोट

तार एकटी जवळजवळ मुकी असते. ती इतकी बारीक आहे की हवा ढकलायला तिच्याकडे पृष्ठभागच नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, तबली हवेला. पोटातली हवा त्यात आपली भर घालते. मग आवाज खोलीभर जातो.

आता घोडीची थरथर आपण विजेच्या संकेतात बदलू शकलो, तर तबली आणि पोट दोन्हींना सुट्टी. भरीव लाकडाची एक पट्टी घ्यायची, तिच्यावर दांडी, पडदे, घोडी, तारा बसवायच्या. बाहेर फक्त बारीक टिणटिण ऐकू येते, हेडफोनमध्ये पूर्ण आवाज. यामाहाने 1997 मध्ये असंच 'सायलेंट' व्हायोलिन बाजारात आणलं, पुढे त्याच धर्तीची गिटारही आली. ल्यूट आणि त्याच्या भाऊबंदांसाठी मात्र हे काम बहुतेक छोटे कारागीर मागणीप्रमाणे करतात, कारण गिऱ्हाइकंच मोजकी.

पण इलेक्ट्रिक गिटारचं तंत्र उचलून ल्यूटवर चिकटवता येत नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये लोहचुंबक असतो. वर लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. ल्यूटची तार तातेची किंवा नायलॉनची. चुंबकाच्या दृष्टीने ती नाहीच.

म्हणून पिएझो. ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवून दिलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विजेचा भार येतो. गॅसच्या लायटरमध्ये 'टक्' करून ठिणगी पडते ना, बऱ्याच लायटरमध्ये ती हीच करामत. असा स्फटिक घोडीखाली ठेवला की तारेची प्रत्येक थरथर त्याला दाबते आणि संकेत मिळतो. तार कशाची आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

इथे ल्यूटची एक खास खोड आड येते. गिटारच्या घोडीवर हाडाची किंवा प्लास्टिकची एक पातळ उभी पट्टी असते, तार तिच्यावरून जाते. त्या पट्टीखाली पिएझो सरकवला की काम झालं. ल्यूटच्या घोडीला ही पट्टी नसतेच. तार घोडीतल्या भोकातून येते आणि स्वतःभोवतीच गाठ घेते, त्या गाठीपासूनच वाजते. मग कारागीर दोनपैकी एक करतो. एक तर घोडीच्या पोटात किंवा तिच्या खाली पिएझो बसवतो, म्हणजे गाठीची जुनी पद्धत टिकते, पण सगळ्या तारांचा आवाज सारखा येईलच असं नाही. किंवा गिटारसारखी पट्टी घालतो, म्हणजे आवाज स्पष्ट येतो, पण तार बोटाला जरा वेगळी लागते. कुणी रियाजाचा ल्यूट विकत असेल तर पहिला प्रश्न हा विचारा: तार घोडीला कशी बांधलीय?

काय काढता येत नाही: हाताचं घर

आता यादी उलट बाजूने. हात डोळे मिटून ज्या मापांवर विसंबतो, त्यातलं एकही माप बदललं तर रियाज चुकीचा होतो.

पहिलं, तारेची लांबी. ती कमी केली तर पडद्यांमधलं अंतर कमी होतं, आणि डावा हात खोटं अंतर पाठ करतो.

दुसरं, ताण. ल्यूटच्या एका तारेवर साधारण 3 किलोचा ताण असतो, शास्त्रीय गिटारच्या एका तारेवर साधारण 7 किलोचा. हा फरक फार मोठा आहे. गिटारवाल्याच्या जोराने ल्यूटची तार छेडली तर ती पडद्यावर आपटते. रियाजाच्या वाद्यावर जास्त ताणाच्या तारा बसवल्या असतील, तर तुम्ही नकळत जोर लावायला शिकाल.

तिसरं, जोड्या आणि त्यांतली अंतरं. खर्च वाचवायला काही वाद्यांवर जोडीऐवजी एकेकच तार लावतात. सूर तेच येतात, पण दोन तारा एकदम छेडायला बोटाचा जो थोडा आडवा कोन लागतो, तो कधी बसतच नाही.

चौथं, करंगळी. हे सहसा कुणी सांगत नाही. ल्यूट वाजवताना उजव्या हाताची करंगळी तबलीवर, घोडीजवळ टेकलेली असते. जुन्या चित्रांतही ती टेकलेली दिसते. सगळा हात त्या एका टेकूवर तोललेला असतो. पोट काढताना तबलीही काढली आणि करंगळी हवेत राहिली, तर हात परका होतो. चांगल्या रियाजी वाद्यात घोडीजवळ लाकडाचा एक तुकडा तबलीच्याच उंचीवर ठेवलेला असतो.

पाचवं, पोटाची सावली. पोट आवाजासाठी नको असलं तरी मांडीवर आणि छातीशी टेकायला हवंच. त्यानेच दांडीचा कोन ठरतो, उजवा हात कुठून येणार ते ठरतं. म्हणून तारेची किंवा लाकडाची एक चौकट बसवतात, वाजवताना लावायची, प्रवासात काढायची. काही वाद्यांत खुंट्याही टोकाऐवजी घोडीच्या मागे नेतात, म्हणजे मघाचे ते पाच-सहा सेंटिमीटर वाचतात.

सहावं, पडदे. मघाशी म्हटलं, ते तातेचे आणि सरकते असतात. रियाजाच्या वाद्यावर सोयीसाठी धातूचे कायमचे पडदे ठोकले, तर सूर हार्मोनियमसारखे समान वाटणीचे होतात. गाणं शिकलेल्यांना यातली गोम लगेच कळेल: हार्मोनियमचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या सुराचे 100 भाग केले तर सुमारे 14 भागांनी. डाउलंडच्या काळचं बरंचसं संगीत गोड लागतं ते अशा उतरवलेल्या गंधारांमुळे, आणि पडदे सरकत नसतील तर तो गोडवा कानावर कधी पडतच नाही.

थिऑर्बो: ताडाएवढं वाद्य बॅगेत कसं जाणार?

ल्यूटचा एक थोरला भाऊ आहे, थिऑर्बो. सोळाव्या शतकाच्या शेवटी इटलीत गाण्याच्या साथीसाठी तयार झाला. त्याला 14 जोड्या किंवा एकेकट्या तारा. दाबायच्या तारा 80 सेंटिमीटरच्या आसपास, आणि खर्जाच्या तारा, ज्या फक्त मोकळ्या वाजतात, त्या 150 ते 170 सेंटिमीटर! म्हणजे माझ्या उंचीएवढी नुसती तार.

इतकी लांब का? कारण तेव्हा दुसरा मार्ग सोपा नव्हता. तार खाली उतरवायची तर ती लांब करा, सैल करा किंवा जड करा. सैल केली तर लदलदते. तातेची जाड केली तर ती ताठ, दोरखंडासारखी होते आणि आवाज मंद येतो. उरलं काय? लांबी. तातेवर धातूची बारीक तार गुंडाळून तिला जड करायची युक्ती सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. तोवर थिऑर्बो उंच होऊन बसला होता.

आजच्या रियाजी थिऑर्बोला हीच गुंडाळलेली तार वाचवते. गणित सोपं आहे: ताण तोच ठेवून लांबी अर्धी केली, तर तोच सूर मिळायला तार दर सेंटिमीटरला चौपट जड हवी. 160 सेंटिमीटरच्या तारेचं काम 80 सेंटिमीटरची, चौपट जड, धातू गुंडाळलेली तार करते. उंच मान गायब! दुसरी पद्धत म्हणजे मान बिजागरीवर दुमडायची. त्यात लांबी खरी राहते, पण प्रत्येक वेळी उघडलं की सगळ्या खर्ज-तारा पुन्हा लावत बसा.

आखूड तारेने काय गमावतं? सूर तोच असला तरी अंगठ्याला ती थोडी ताठ आणि जाड लागते, आवाजही जास्त धातूचा. पण अंगठ्याची उडी, म्हणजे न बघता बरोबर नववी तार गाठणं, ती जशीच्या तशी राहते, कारण तारांमधलं अंतर बदललेलं नाही. थिऑर्बोवाल्यांचे महिनोन्महिने याच उडीत जातात. म्हणून माझ्या मते हा व्यवहार परवडतो.

खरा धोका: हेडफोन तुमची स्तुती करतो

आता मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग.

खऱ्या ल्यूटवर तुम्ही तार घोडीजवळ छेडली की आवाज टोकदार, लांब छेडली की गोल. नखाचा कोपरा लागला की किरकिर. बोट तारेवर नीट बसलं नाही की आवाज मेलेला. वाद्य क्षणोक्षणी तुम्हाला बोलत असतं. पिएझो हे सगळं ऐकतो, पण ओबडधोबड ऐकतो. छेडण्याची पहिली 'टक्' तो मोठी करतो आणि तबलीने पसरवलेला सूर त्याला मिळतच नाही, कारण तबली नाही. मग आपण त्यावर अ‍ॅपमधून 'हॉल'ची घुमारी चढवतो. झालं! आता तुमची प्रत्येक चूक एखाद्या चर्चमध्ये वाजल्यासारखी सुंदर ऐकू येते.

आणि आवाज वाढवता येतो, ही आणखी एक मोहाची गोष्ट. खऱ्या ल्यूटचा सगळा खेळ हळू आणि त्याहून हळू यांच्यामधल्या छोट्या पट्ट्यात असतो. हेडफोनचं बटण फिरवलं की तो पट्टा हवा तेवढा रुंद होतो. मग बोटांनी तो रुंद करायची गरज उरत नाही, आणि बोटं ते विसरतात.

म्हणून मी स्वतःला चार नियम घालून घेतलेत. एक, घुमारी पूर्ण बंद. कोरडा आवाज कानाला आवडत नाही, पण खरं बोलतो. दोन, आवाज एकदा खऱ्या ल्यूटशी ताडून ठरवायचा आणि मग बटणाला हात लावायचा नाही. तीन, रोजची पहिली 10 मिनिटं हेडफोनशिवाय. बाहेरची टिणटिण इतकी बारीक असते की दोन तारा एकदम वाजल्या की मागेपुढे, ते लख्ख कळतं. चार, जे आठवडाभर फळीवर बसवलं, ते आठवड्यातून एकदा तरी खऱ्या वाद्यावर वाजवायचं, घरी नसेल तर शिकवणीत. फळीवर बोटं कुठे जातात ते शिकायचं, आवाज कसा काढायचा ते तिथे.

फोनला जोडताना

तुम्ही सगळे फोनवाले, म्हणून हे वेगळं सांगते.

ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. गाणी ऐकायला ते छान, पण त्यांत आवाज साधारण एक दशांश ते पाव सेकंद उशिरा येतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 0.2 सेकंदांचा उशीर झाला, तर तुमचं वाद्य जणू 68 मीटरवर वाजतंय! अशा वाद्याबरोबर ताल धरून दाखवा. वायरचा हेडफोनच घ्या.

पिएझोची वायर थेट फोनच्या माइकच्या खाचेत घालू नका. पिएझोचा संकेत अशक्त असतो. त्याला साधारण 10 लाख ओहम किंवा त्याहून जास्त रोध असलेली वाट लागते. फोनची वाट त्याच्यासाठी फारच कमी रोधाची असते, त्यामुळे खर्ज गळून जातो आणि आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो. मध्ये छोटा प्रीअँप हवा. बऱ्याच वाद्यांत तो आतच असतो, बॅटरीवर चालणारा. ती बॅटरी वाजवून झाल्यावर काढायची की वायर उपसली की आपोआप बंद होतं, हेही घेण्याआधी विचारून घ्या.

आणि सूर लावायच्या अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी बघा: मूळ सूर 440 वरून 415 वर नेता येतो का, कारण बरोक संगीत आज बहुतेक ठिकाणी अर्धा सूर खाली, 415 वर वाजवतात. आणि समान वाटणीशिवाय दुसऱ्या वाटण्या निवडता येतात का. सरकते पडदे असतील तर त्याशिवाय मजा नाही.

आपल्याकडे याचं काय?

आपल्याकडे या कुटुंबातली एक गोष्ट घरोघर आहे: इलेक्ट्रॉनिक तानपुरा, आणि आता फोनमधला तानपुरा. पण तो वेगळ्या जातीचा. तो तुमच्याऐवजी वाजतो. रियाजी ल्यूट तुमच्याशिवाय एक सूर काढत नाही. पहिल्याने तानपुरा छेडणाऱ्या हाताला सुट्टी दिली, दुसरा हातालाच कामाला लावतो. दोन्हींना सरसकट 'इलेक्ट्रिक वाद्य' म्हटलं की हा फरक हरवतो.

ल्यूटच्या जवळचं आपल्याकडचं उदाहरण म्हणजे प्रवासी सतार: भोपळ्याऐवजी सपाट लाकडी पोट आणि आत पिकअप. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला भोपळा ज्याने हातात धरलाय त्याला तो विमानातून नेताना काय होतं ते विचारा. प्रवासी सतार घेताना तीच फूटपट्टी लावा. बाजाच्या तारेची लांबी आणि ताण पूर्ण आकाराच्या सतारीएवढा आहे का? पडद्यांचा बाक तोच आहे का, म्हणजे मींड ओढताना बोट तेवढंच अंतर जाईल? घोडीची जवारी खरी आहे का, की तो झणकार आत बटण दाबून आणलाय? पहिल्या दोनची उत्तरं 'हो' असतील तर हात सुरक्षित. तिसऱ्याचं 'नाही' असेल तर कानासाठी वेगळी सोय करा.

आणि ज्यांच्याकडे फक्त गिटार आहे?

ल्यूट ऐकून हात शिवशिवले असतील, तर नायलॉनच्या तारांची साधी गिटार घ्या. तिसरी तार अर्धा सूर उतरवा, म्हणजे जी वरून एफ-शार्पवर, आणि तिसऱ्या पडद्यावर कॅपो लावा. झाली ल्यूटच्या पहिल्या सहा जोड्यांची जुळणी! ल्यूटसाठी लिहिलेली तबलातुर, म्हणजे कुठल्या तारेवर कुठला पडदा ते सांगणारी जुनी लिपी, तुम्ही आहे तशी वाजवू शकता. जोड्या नाहीत, ताण जास्त आहे, करंगळीची सवय नाही. पण ही वाट आपल्याला झेपेल का ते कळायला एक पैसा जास्त लागत नाही.

तर श्रोत्याला माझं उत्तर: त्या फळीवर केलेला रियाज खरा आहे, जोवर फळी हाताशी खोटं बोलत नाही आणि तुम्ही हेडफोनची स्तुती मनावर घेत नाही. रात्री साडेदहाला कामावरून आल्यावर अर्धा तास फळीवर वाजवणारा, उत्तम ल्यूट पेटीत बंद ठेवून रविवारची वाट बघणाऱ्याच्या पुढे जातो. हे मी माझ्या वर्गात बघते आहे.

तुमच्यापैकी कुणी प्रवासी सतार, सायलेंट गिटार किंवा असं काही वापरत असेल, तर 30 सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, घुमारी बंद ठेवून बरं का! निवडक आवाज पुढच्या भागात ऐकवेन. आणि पुढचा भाग आहे त्या सरकत्या पडद्यांवर: गंधार नेमका किती उतरवायचा यावर युरोपात शतकानुशतकं भांडणं का झाली. तोवर तारा सुरात ठेवा. भेटूच!